चार स्टेअरिंगवर, पाचवा जमिनीवर

मंडळी, मागचे तीन विकांत मी जरीपटक्यात काढले. म्हणजे गाडीखाली काढले. हाताच्या नखांतलं काळं ऑइल अजून गेलेलं नाही आणि सोमवारच्या स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा ऑन केला की सगळ्यांना वाटतं मी रात्रभर कोळशाच्या खाणीत होतो.

विषय आमच्या फियाटचा. कागदोपत्री नाव 'प्रीमियर पद्मिनी', मॉडेल १९७५, पण घरात तिला कोणी पद्मिनी म्हणत नाही. नागपुरात काय, सगळ्या महाराष्ट्रातच ती 'फियाट'. आजोबांनी रेल्वेच्या नोकरीत असताना बुक केली आणि सहा वर्षांनी हातात आली. तोवर माझ्या बाबांची मुंज होऊन गेली होती. आजोबा गेले, गाडी राहिली. एमएच-३१ च्या आधीची ती तीन अक्षरी नंबरप्लेट अजून तशीच आहे.

तर झालं असं की, दुसरा गिअर निसटायला लागला. चढावर टाकला की धक्का देऊन न्यूट्रलला परत. त्याला एका हाताने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने स्टेअरिंग. (हॉर्न कशाने वाजवायचा हा प्रश्न विचारू नका.) जरीपटक्यातल्या आमच्या उस्तादाने दोन चकरा मारल्या आणि निकाल दिला, "भाऊ, बॉक्स उतरवा लागते." बॉक्स उतरवायचाच आहे म्हटल्यावर माझ्या कॉलेजच्या मित्राने (हा पण इथलाच, जरीपटक्यातला सिंधी, वडिलांचं स्पेअर पार्टचं दुकान) किडा सोडला, "उतरवूनच राहिला तर मग पाच गिअरचाच टाक ना बे! वन एटीनचा पडला आहे आमच्या गोदामात."

झालं. झोप उडाली.

पाच गिअरचं एवढं काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी थोडा हिशेब. आमच्या इंजिनाची ताकद चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवर, १०८९ सीसी. चौथा गिअर सरळ, म्हणजे इंजिन जितकं फिरतं तितकाच मागे जाणारा शाफ्ट फिरतो. समजा मागचं डिफरन्शियल ४.३ चं आहे आणि चाकाचा घेर १.८५ मीटर. ८० च्या स्पीडला इंजिन मिनिटाला साधारण ३,१०० फेरे मारतं. शंभरला जवळजवळ ३,९००. या स्पीडला फियाटमध्ये बसलेल्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. आता ०.८२ चा पाचवा गिअर लावला तर तेच शंभर ३,२०० च्या आत येतं. म्हणजे आज ८० ला जेवढा आवाज होतो साधारण तेवढ्यात शंभर. इंजिन तेच, पेट्रोल तेच, फक्त एक दातेरी चाकाची जोडी जास्त.

आणि नागपूरकराला शंभरचा मोह का व्हावा हे सांगायला नको. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला, ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर. कारची मर्यादा १२०. (गंमत म्हणजे त्याच ११ डिसेंबरला कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रोही सुरू झाली. आमच्या गॅरेजच्या इतक्या जवळच्या स्टेशनचं नाव 'ऑटोमोटिव्ह चौक' असावं, याहून मोठा शकुन काय!) माझं स्वप्न साधं होतं. आजोबांची गाडी जिथे बनली त्या कुर्ल्याला, आपल्याच चाकांवर घेऊन जायची. सातशे किलोमीटर आणि वर थोडे. पण ३,९०० फेऱ्यांवर सात तास? पन्नाशी उलटलेल्या बाईला मॅरेथॉन पळवण्यासारखं आहे ते.

मग मी वाचायला बसलो. इंजिनिअर माणूस, नट खोलण्याआधी डॉक्युमेंटेशन वाचणार. (इथे मित्र हसला. तो आधी खोलतो.) आणि वाचता वाचता असं लक्षात आलं की हा पाचव्या गिअरचा किडा जगभर जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांना चावलेला आहे आणि त्यांची गोष्ट फिरून फिरून आपल्या कुर्ल्यापाशी येते.

इंग्लंडची एमजीबी ही गाडी घ्या. दोन सीट, उघडं छत, १९६२ ते १९८०. अठरा वर्षांत तिला कंपनीने पाचवा गिअर दिला नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता, तो १९६७ साली आला. वरच्या स्पीडसाठी काय, तर 'ओव्हरड्राइव्ह' नावाचा एक वेगळा डबा गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेला आणि त्याला विजेचं बटण. चाले छान, बिघडे त्याहून छान. मग लोकांनी काय केलं, तर फोर्ड सिएरा या घरगुती गाडीचा पाच गिअरचा बॉक्स उचलून एमजीबीत घातला. मध्ये एक अडॅप्टर प्लेट, मागचा शाफ्ट कापून नव्या लांबीचा, क्लचचे दाते जुळवून घेतलेले. आज या कामाची तयार किट मिळतात. स्पोर्ट्स कारला फॅमिली कारचा डबा! अस्सल गाड्यांचे सोवळे लोक नाकं मुरडतात आणि चालवणारे चालवतात.

भारतात एमजीबी औषधापुरती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण ठरलं की जे इथे खरोखर बनवणार नाहीत त्यांनी नुसती जुळणी करू नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. मागे राहिल्या मोजक्या देशी कंपन्या आणि मोजकी मॉडेलं. स्पोर्ट्स कार ही चैन, तिला परकीय चलन कोण देणार?

पण इथे एक मजेदार गोष्ट आहे, जी मला तरी आजवर कोणी सांगितली नव्हती. आपल्याकडे स्पोर्ट्स कार आली नाही, पण तिची घरंदाज थोरली बहीण मात्र प्रत्येक वेळी आली. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे बीएमसीचं बी सिरीज. १९५५ च्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच, फक्त दोन कार्ब्युरेटर आणि थोडी मस्ती जास्त. म्हणजे तहसीलदारसाहेबांची पांढरी अ‍ॅम्बेसेडर आणि इंग्लंडची एमजीए यांचं हृदय एकच. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड घ्या, तिच्याच चॅसिसच्या पायावर ट्रायम्फने स्पिटफायर उभी केली. आणि आमची फियाट अकराशे? १९५३ च्या अकराशेचीच 'टीव्ही' म्हणजे तुरिस्मो वेलोचे, वेगवान प्रवासाची, अशी आवृत्ती होती आणि तिच्यावर 'त्रास्फॉर्माबिले' नावाची उघड्या छताची दोन सीटर गाडी बनली. नाव वाचून मला वाटलं त्रास देणारी. तशी नसावी. :-)

थोडक्यात, लग्नाच्या बाजारात धाकटी बहीण दाखवून थोरली पाठवावी तसं काहीसं आपल्या रस्त्यांचं झालं. आणि थोरलीनेच चाळीस-पन्नास वर्षं संसार ओढला, हेही खरं.

आता कुर्ला. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी या देशात बनल्या पाहिजेत असा हेका धरलेला माणूस. मोटारीच्या योजनेमागे सर विश्वेश्वरय्याही होते. त्यांनी १९३० च्या दशकापासून यासाठी खटपट केली. युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने काही दाद दिली नाही. शेवटी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लरच्या गाड्या जुळायला लागल्या. पुढे फियाटशी करार झाला, आणि १९५० च्या दशकात अकराशे आली. इटलीत १९६२ ला आलेली अकराशे-डी इथे १९६४ पासून 'डिलाइट' नावाने, मग थोडा काळ 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. इटलीने १९६९ ला अकराशेचा विषय संपवला. आपण शतक संपेपर्यंत बनवत राहिलो.

या गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत आणि किंमत सरकार ठरवत असे. १९७२ साली प्रीमियर या किमतीच्या वादात सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. ज्या कंपनीला किती गाड्या बनवायच्या आणि कितीला विकायच्या हेच हातात नाही, ती नवीन गिअरबॉक्सवर पैसे कशाला घालेल? रांगेत उभा असलेला माणूस 'पाचवा गिअर द्या' म्हणत नाही, 'गाडी द्या' म्हणतो. आमच्या आजोबांनी रंगसुद्धा विचारला नव्हता. आली ती करडी आली.

त्यामुळे अकराशेचा गिअरबॉक्स तिच्या जन्माच्या वेळी जसा होता जवळपास तसाच राहिला. चार गिअर, दांडा स्टेअरिंगला. पहिल्याला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारा नाहीतर खर्रर्र ऐका. स्टेअरिंगचा गिअर ही काही मागासलेपणाची खूण नव्हती. त्यामुळे पुढची सीट अखंड राहते आणि पुढे तिघं बसतात. मुंबईच्या टॅक्सीला, आणि नागपूरच्या एकत्र कुटुंबाला, याहून सोयीचं काय? पण या दांड्यापासून बॉक्सपर्यंत सळ्यांचं आणि सांध्यांचं जे जाळं जातं, ते झिजलं की गिअर शोधणं म्हणजे दुधाच्या पातेल्यात पळीने वेलदोडा शोधणं. त्यात पाचवी जागा बसवणं तर आणखीच कटकटीचं. म्हणून पाचवा हवा तर दांडा सहसा जमिनीवरच येतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिथेच माझं घोडं अडलं.

१९८० च्या दशकात जपानी आले. १४ डिसेंबर १९८३ ला मारुतीची पहिली चावी दिली गेली आणि जुन्या कंपन्या जाग्या झाल्या. प्रीमियरने स्पेनच्या सिआट कंपनीकडून फियाट १२४ चे साचे आणले आणि १९८५ च्या सुमारास '११८ एनई' काढली. एनई म्हणजे निस्सान इंजिन. ११७१ सीसी, ५२ हॉर्सपॉवर, निस्सानच्या ए सिरीजमधलं ए-१२.

इथे थांबून जरा नातं बघा. फियाट १२४ चीच बहीण म्हणजे १९६६ ची १२४ स्पोर्ट स्पायडर, उघड्या छताची. आणि तिला १९६६ मध्ये पाच गिअर होते! कुर्ल्याच्या ११८ ला सुरुवातीला चारच, पाचवा नंतरच्या मॉडेलांना मिळाला. थोरलीला पुन्हा उशिरा.

याहून गंमत निस्सानची. १९५२ साली निस्सानने इंग्लंडच्या ऑस्टिनशी करार केला आणि जपानमध्ये ऑस्टिनच्या गाड्या बनवल्या. मोटार कशी बनवायची याचे धडे तिथे गिरवले. १९६६ ला त्यांनी डॅटसन सनीसाठी स्वतःचं ए सिरीज इंजिन काढलं. ती ऑस्टिनच्या इंजिनाची नक्कल नव्हती, पण शाळा तीच. आता ऑस्टिनची एक छोटीशी स्पोर्ट्स कार होती, १९५८ ची ऑस्टिन-हीली स्प्राइट. डोळे वटारलेला बेडूक दिसावा तशी. ९४८ सीसी, चार गिअर, पहिल्याला सिंक्रो नाही. ओळखीचं वाटतं ना? अमेरिकेत या स्प्राइटवाल्यांनी पाचवा गिअर मिळवायला कुठला बॉक्स घातला माहितीये? डॅटसन २१० चा. त्याच ए सिरीज घराण्यातल्या गाडीचा. विद्यार्थ्याने गुरुजींना काठी आणून द्यावी तसं.

म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कुठल्याशा गॅरेजात ऑस्टिनच्या बेडकाला निस्सानचा बॉक्स बसत होता आणि इकडे आपले मेकॅनिक पद्मिनीला ११८ चा निस्सान बॉक्स बसवत होते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन माणसांनी एकाच बगवर एकच पॅच लिहावा, तसं.

बरं, हे सगळं हौशी लोकांनीच केलं असंही नाही. हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा काढली १९८४ ला. शरीर व्हॉक्सहॉलचं, ऐटबाज, लांबलचक, आजही लोक तिला आपली मसल कार म्हणतात. पण आत इंजिन अ‍ॅम्बेसेडरचंच. पैलवानाला बालवाडीचा डबा. मग त्यांनीच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घातला तेव्हा ती जरा पळायला लागली. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच इंजिन, तोच पाचाचा बॉक्स अ‍ॅम्बेसेडरमध्ये. जमिनीवर दांडा. इंग्लंडात एमजीवाले लोक सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने करत होते ते काम उत्तरपाड्याच्या कारखान्याने असेम्ब्ली लाइनवर केलं. प्रीमियरनेही अखेरच्या काही वर्षांत पद्मिनी एस-१ काढून निस्सानच्या धर्तीचा जमिनीवरचा गिअर आणि वेगवेगळ्या बकेट सीट दिल्या. तोपर्यंत लोक सँट्रो आणि इंडिकाच्या रांगेत उभे होते.

तर वाचून माझा निर्णय झाला होता. कंपनीनेच असं केलंय म्हटल्यावर मी कोण? शनिवारी सकाळी दाल-पकवान खाऊन आम्ही मित्राच्या गोदामात गेलो.

जरीपटक्याची ही गोदामं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जरीपटका म्हणजे खरं तर मराठ्यांचं निशाण, मोहिमेच्या सरदाराबरोबर चालणारं जरीचं. आज या नावाने ओळखली जाणारी वस्ती मात्र घडली ती १९४७ नंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांनी. मित्राचे आजोबा त्यातलेच. त्यांच्या घरात एक म्हण नाही पण सवय आहे, काहीही फेकायचं नाही. एकदा सगळं सोडून आलेल्या माणसाने लावलेली सवय. त्यामुळेच १९९० च्या दशकातला ११८ चा एक बॉक्स, ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून, त्या गोदामात मला सापडला. हात लावला तर इनपुट शाफ्ट लोण्यासारखा फिरला. अंकलनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पहले बिठा के देख."

बसवून बघितला. नाही बसत, अर्थात. ११८ चा बॉक्स निस्सान इंजिनासाठी, त्याच्या बेल हाउसिंगची भोकं वेगळी. मग दोन रस्ते. एक, लेथवर अडॅप्टर प्लेट बनवून घ्या, क्लच प्लेटचे दाते जुळवा, क्रॉस मेंबर नवा, प्रॉपेलर शाफ्ट कापून परत वेल्ड करून बॅलन्स करा, स्पीडोमीटरची केबल बदला. दोन, इंजिनासकट सगळंच ११८ चं टाका. दुसरा रस्ता मेकॅनिकला सोपा, पण इंजिनाचा नंबर आरसीवर असतो आणि गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. त्यावर सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या जानेवारीत चांगलाच कडक निकाल दिलेला आहे. गिअरबॉक्सचा नंबर मात्र आरसीवर नसतो. म्हणून पहिला रस्ता.

उस्तादाने खडू घेतला आणि टनेलवर एक चौकोन काढला. पुढच्या सीटच्या बरोब्बर मध्ये. "इथून दांडा येईन. हे कापतो. आन् सीट दोन तुकड्यांत करा लागन."

आता त्या चौकोनाची गोष्ट. ती माझी जागा आहे. आजोबा चालवायचे, आजी डावीकडे आणि मध्ये मी. आजोबा दुसरा गिअर टाकायला दांडा स्वतःकडे ओढायचे तेव्हा त्यांचं कोपर माझ्या कानाशी यायचं. रामटेकला जाताना मनसरच्या पुढे चढ आला की मी आधीच डोकं बाजूला करायचो. उस्तादाचा खडूचा चौकोन नेमका तिथे होता आणि त्याच्या हातात ग्राइंडर.

मी म्हटलं, जरा चहा घेऊ.

चहाच्या वेळात मित्राने मोबाइलवर दुसरी एक भानगड वाचून दाखवली. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल न केलेली, तर तिची 'व्हीए' मालिकेत वेगळी नोंद. फी वीस हजार, दहा वर्षांसाठी. पुढचं नूतनीकरण पाच हजारात. आमची १९७५ ची, म्हणजे पन्नाशी झालेली. नियमात गिअरबॉक्स हा शब्द नाही. पण तो खडूचा चौकोन? तो बॉडी शेल. एकदा कापला की ती विंटेज व्हायची राहिली.

"म्हणजे कापायचं नाही," मी जरा सुटका झाल्यासारखं म्हटलं.

"पुढचं ऐक ना बे. विंटेजची नोंद केली तर रोज चालवता येत नाही. प्रदर्शनाला न्यायची, रॅलीला न्यायची, पेट्रोल भरायला, रिपेअरला. बस."

हे म्हणजे कठीणच. कापली तर वारसा म्हणून नोंद नाही, पण कुर्ल्याला जाईल. न कापता नोंद केली तर वारसा, पण पेट्रोल पंपापर्यंत. तिसरं म्हणजे काहीच न करणं. आजोबांनी सहा वर्षं थांबून गाडी घेतली ती बघायला की बसायला? हे उत्तर मला माहीत होतं. पण ते ज्या सीटवर बसून मला माहीत झालं तीच सीट कापायची होती.

मुंबईचं आठवलं. तारदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. एकेकाळी हजारोंनी होत्या. लोक हळहळले, एखादी तरी संग्रहालयात ठेवा म्हणाले. ठेवायलाच हवी. पण तेव्हाही मला वाटलं होतं की मीटर टाकलेली टॅक्सी आणि दोरीपलीकडची टॅक्सी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्या कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज म्युझियममध्ये इंजिनं किती छान रंगवून ठेवलीत. पण आजोबा तिथे मला घेऊन गेले तेव्हा पाचच मिनिटांत बाहेर आले. बोलले काहीच नाहीत.

रविवारी आजीला विचारलं. एवढा इतिहास, कायदा, गिअर रेशो सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो दांडा मध्ये आला तर मी कुठं बसू? मागं मला मळमळते."

मागे गिअर रेशो नाही, मागे मळमळ. आमच्या क्षेत्रात याला युजर रिक्वायरमेंट म्हणतात आणि ती सगळं डिझाइन झाल्यावरच कळते.

मग पुढचा विकांत जुनाच बॉक्स खोलण्यात गेला. उस्ताद जरा नाराज होता, त्याला ग्राइंडर चालवायचा होता. पण बॉक्स उघडल्यावर तोही रमला. दुसऱ्या गिअरच्या सिंक्रोच्या रिंगचे दाते झिजून गुळगुळीत झालेले, लॉकची स्प्रिंग थकलेली, बेअरिंगला खेळ. सगळं अंकलच्या दुकानात मिळालं. रिंग तर जुन्या पिवळ्या पडलेल्या खोक्यात, न वापरलेली. एक गोष्ट मात्र केली आणि ती सांगताना मला जरा लबाडी वाटतेय. टायर थोडे मोठ्या घेराचे घातले. १.८५ चा घेर १.९४ झाला, म्हणजे शंभरला दोनशे फेरे कमी. पाचवा गिअर नाही, पण साडेचौथा... छे, चार पूर्णांक एक म्हणा. स्पीडोमीटर आता खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतो. तशीही त्याची सुई आधीपासूनच मोघम बोलते.

व्हीएची नोंद केलेली नाही. कुर्ल्याला जायचं आहे, डाव्या लेनमधून, ८० नी, दर शंभर किलोमीटरला बॉनेट उघडून, दोन दिवसांत. हिवाळ्यात. पुढच्या सीटवर तिघं.

आणि तो ११८ चा बॉक्स? अंकलला परत द्यायला गेलो तर घेईनात. "अपने पास रख. मन बदलेगा तेरा." आता तो गोणपाटासकट आमच्या दिवाणाखाली आहे. आईच्या पायाच्या अंगठ्याला दोनदा लागला. तिने त्याला बरंच बोलून घेतलं. पण खंडेनवमीला घरातली हत्यारं, माझा लॅपटॉप आणि फियाट यांची पूजा झाली तेव्हा बघतो तर दिवाणाखालून गोणपाट थोडं बाहेर ओढलेलं आणि पाच गिअरच्या दांड्याला हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल.